पायऱ्या न दाखवता

४ सप्टेंबर

छोट्या,

रेषा हलली!

मायना नाही, खुशाली नाही, एकदम हेच. इतक्या वर्षांनी ताईचं पत्र येतं आणि पहिलीच ओळ ही, म्हणून कपाळाला हात लावशील. लाव. पण आज हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हलली तर हलली, आधी जेवून घे." मग तूच आठवलास. फोन केला असता तर तू कापला असतास. पत्र निदान हातात तरी पडतं.

मी अजून त्याच शाळेत आहे, नववीला बीजगणित शिकवते. यंदा संगणकाच्या खोलीत आलेख काढायचं एक ॲप बसवलंय. समीकरण टाईप केलं की रेषा समोर हजर. त्यात काय मोठंसं, असं मीही आधी म्हटलं होतं. वीस वर्षं मी फळ्यावर लाकडी पट्टी धरून रेषा काढतेय. तीन बिंदू घ्या, जोडा, टोकांना बाण काढा. तासाभरात दोन रेषा झाल्या तरी मी खूश असायचे.

पण या ॲपमध्ये y = mx + c लिहिलं की खाली एक छोटी पट्टी येते, तिच्यावर एक गोळी. मुलं तिला स्लायडर म्हणतात. गोळी सरकवली की m बदलतो. आणि m बदलला की ती रेषा, छोट्या, वळते! घड्याळाच्या काट्यासारखी, एका जागी पाय रोवून. एक्केचाळीस मुलांच्या तोंडून एकदम "ओऽऽ" निघालं. माझ्याही तोंडून निघालं असावं, कारण पहिल्या बाकावरच्या पोरी हसल्या.

"बाई, झोपवा तिला!"

m शून्य केला. रेषा आडवी झाली.

"बाई, आता ताठ उभी करा!"

दहा केला, शंभर केला, हजार केला. रेषा उभ्या अक्षाला चिकटल्यासारखी दिसायला लागली. मग कुणीतरी चित्र मोठं करून बघितलं, तर अजून फट! दहा हजार केला. पुन्हा मोठं करून बघितलं, पुन्हा फट. वर्गात आरडाओरडा. शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन बघून गेल्या. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "ती थोडी तरी पुढे जातेच ना, बाई. पुढे न जाता नुसतं चढायचं तर मग आकडाच नाही पुरणार."

उभ्या रेषेला चढ नसतो, तो काढता येत नाही, हे वाक्य मी वीस वर्षं फळ्यावर लिहून देतेय आणि मुलं ते पाठ करताहेत. ते कुणीतरी स्वतःच्या तोंडानं म्हणताना आज पहिल्यांदा ऐकलं.

उत्तर पाठव असं म्हणत नाही. आणि घाबरू नकोस, त्या पेपरचा विषय मी काढणार नाही. पायऱ्या दाखवल्याशिवाय गुण नाहीत हा नियम होता, तो तुलाही माहीत होता.

ताई


१३ सप्टेंबर

छोट्या,

पाकीट परत आलं नाही. म्हणजे पत्ता बरोबर आहे आणि तू ते घेतलंस, एवढं तरी मी समजू शकते. वाचलंस की बंदरावरच्या तुझ्या क्रेनच्या केबिनमध्ये फडकं म्हणून वापरलंस, ते तुझं तुला माहीत.

आज वर्गसमीकरणाचा आलेख घेतला. त्यात x च्या वर्गाला जो सहगुणक असतो, a, त्यालाही स्लायडर लावला. a धन असेल तर आलेख वाटीसारखा. मुलांनी तिला 'हसरी' म्हटलं. ऋण केला की उलटी वाटी, ती 'रुसलेली'. एक मुलगा गोळी इकडून तिकडे नाचवायला लागला, हसरी-रुसलेली, हसरी-रुसलेली. सगळा वर्ग लोळायचा बाकी होता. मी म्हटलं, "हळू कर. हसरीची रुसलेली नेमकी कधी होते, ते बघू."

त्यानं गोळी मुंगीच्या पावलांनी सरकवली. वाटी पसरत गेली, उथळ झाली, ताटलीसारखी झाली, आणि a शून्यावर आला तेव्हा सरळ रेषा! वाटी गायब!

पुस्तकात व्याख्येच्या शेवटी कंसात एवढंसं लिहिलेलं असतं, a शून्य नसावा. ते मी वर्षानुवर्षं एका दमात वाचून पुढे गेलेय. का नसावा, ते आज डोळ्यांनी बघितलं. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, वर्गात टाळ्या वाजवल्या. खोटं सांगत नाही.

सगळेच खूश नाहीत म्हणा. गणिताचे विभागप्रमुख सर तुला आठवतील, खिशात कायम कंपासपेटी घेऊन फिरणारे. मुलं अजून त्यांना कंपासपेटीच म्हणतात, फक्त केस पांढरे झालेत. ते खिडकीतून आमचा गोंधळ बघत होते. नंतर म्हणाले, "बाई, हा तास आहे की जत्रा? हात चालला पाहिजे मुलांचा. हातानं आलेख काढल्याशिवाय डोक्यात जात नाही." माणूस वाईट नाही. तीस वर्षं एकाही तासाला उशीर केलेला नाही. पण हे खेळणं आहे असं त्यांच्या मनानं घेतलंय.

ती शेवटच्या बाकावरची मुलगी सांगितली ना, तिला वर्गात पुटपुटी म्हणतात. सारखी ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलत असते. वहीत जवळजवळ काही लिहीत नाही. लिहिते ते फक्त उत्तर.

मागच्या पत्रात मी नियमाचं लिहिलं. ते अर्धंच होतं. मला तेव्हा वाटलं होतं की तू पेपर पाहिलास. मी तो घरीच काढला होता, जेवणाच्या टेबलावर, तू समोर बसून अभ्यास करत असताना. उत्तरसूची कपाटात होती, किल्ली कपाटालाच. कुणालाही तसंच वाटलं असतं.

असो. तब्येतीला जप. खाणं वेळेवर होतं का, असं आईनं विचारायला सांगितलंय. दर रविवारी फोनवर तुला हेच विचारते, तरी पत्रातही हवंच.

ताई


२९ सप्टेंबर

छोट्या,

आज दोन रेषा भेटवल्या.

दोन अज्ञातं, दोन समीकरणं. लोप करा, किंमत ठेवा, ताळा करा. मुलं हे यंत्रासारखं करतात आणि शेवटी x = ४ आला म्हणजे नक्की काय झालं, ते एकालाही सांगता येत नाही. आज दोन्ही समीकरणं ॲपमध्ये टाकली. दोन रेषा आल्या, एकमेकींना छेदून गेल्या. छेदतात त्या ठिकाणी बोट ठेवलं की तिथेच उत्तर लिहून येतं. "म्हणजे x आणि y हा पत्ता आहे!" एक मुलगी ओरडली. "दोघी जिथं भेटतात तिथला पत्ता!" पुस्तक लिहिणाऱ्यांनाही इतकं सोपं सुचलं नसेल.

मग शाब्दिक उदाहरणं घेतली. मला पटकन एक हवं होतं आणि तोंडात आलं ते हे. एका टाकीत एकशेवीस लिटर पाणी आहे, तिच्यातून मिनिटाला पाच लिटर बाहेर जातं. दुसरीत चोवीस लिटर आहे, तिच्यात मिनिटाला तीन लिटर येतं. दोन्हींत सारखं पाणी कधी होईल?

हो, तेच. एकोणीस वर्षांपूर्वीच्या पेपरातलं. मी ते ठरवून घेतलं नाही. घेतलं गेलं.

मुलं टाईप करायला लागली. कीबोर्डांचा टकटकाट चालू होता, आणि त्यातच पुटपुटी कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "बारा मिनिटं. साठ लिटर." रेषा पडद्यावर यायच्या आधी, छोट्या! मग एकेका पडद्यावर त्या उमटायला लागल्या. एक उतरणारी, एक चढणारी, आणि बरोबर बारावर, साठाच्या उंचीवर भेटलेल्या.

माझ्या जिभेवर आलं होतं, "पायऱ्या कुठायत?" एकोणीस वर्षांची सवय. मी ते गिळलं. पण 'कसं काढलंस' असंही विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. पोरगी सांगायला लागली असती तर?

तू त्या पेपरात एवढंच लिहिलं होतंस. १२ मिनिटं. ६० लिटर. खाली रेघ.

हल्ली मी वर्गात जाताना पायऱ्या दोन दोन चढते. इतकं बरं वाटतंय शिकवायला. आणि वर्ग सुटला की तुझा पेपर डोळ्यांपुढे येतो. दोन्ही एकाच वेळी होतंय.

ताई


१६ ऑक्टोबर

छोट्या,

दुपारची सुट्टी आहे, रिकाम्या वर्गात बसून लिहितेय. तीन कागद फाडून झाले.

सहामाही परीक्षा झाली. पेपर तपासायला कंपासपेटी सर होते. मेणबत्त्यांचं उदाहरण होतं. एक तीस सेंटिमीटरची, तासाला तीन सेंटिमीटर जळते. दुसरी बावीसची, तासाला एक जळते. उंची सारखी कधी होईल? पुटपुटीनं लिहिलं, ४ तास, १८ सेंमी. बाकी जागा कोरी. सरांनी लाल पेनानं गोल करून लिहिलं, 'नक्कल?' आणि पेपर थेट मुख्याध्यापिकांकडे, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंकडे, पाठवला. सोबत चिठ्ठी. आलेखाच्या खेळामुळे मुलांची लिहायची सवय मोडते आहे, नुसतं उत्तर बघून उतरवायची चटक लागते आहे, तरी हे तास बंद करावेत. उद्या अकराला बैठक आहे. मुलीलाही बोलावलंय. आज ती वर्गात पुटपुटतही नव्हती.

उद्या मला तिच्या बाजूनं बोलायचंय. त्याआधी तुला खरं सांगितलं नाही, तर माझं तोंड उघडणार नाही.

मला तू चोर वाटला नव्हतास. कधीच नाही.

झालं होतं असं. मी तुझा पेपर तपासत होते आणि सर बाजूला उभे होते. ते हसून म्हणाले, "घरचाच विद्यार्थी, पेपरही घरचाच!" गंमत करत होते, मनात काही नव्हतं. पण माझं नोकरीचं दुसरं वर्ष, अजून कायम झाले नव्हते. लोक म्हणतील, हिनंच भावाला पेपर दाखवला. कुणी काही म्हणायच्या आत मीच लाल पेन उचललं. शून्य दिलं. 'गैरप्रकार' हा शब्दही मीच लिहिला. सकाळच्या रांगेत सगळ्या शाळेसमोर तुझं नाव वाचलं गेलं. घरी बाबा आठ दिवस तुझ्याशी बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी तू जेवताना म्हणालास, "ताई, मी नव्हता पाहिला पेपर." मी आमटीच्या वाटीत बघत राहिले. वर्ष संपलं आणि तू शाळा सोडून मामाकडे बंदरावर गेलास. सगळे म्हणाले, पोराला अभ्यासाची आवड नव्हती. मीही मान डोलावली.

मला फक्त भीती वाटली होती. पंधरा वर्षांच्या पोराच्या आड मी लपले. पुढचं काय लिहू?

घंटा झाली.

ताई


१७ ऑक्टोबर

छोट्या, छोट्या, छोट्या!

घाईघाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

मोठ्या बाईंची खोली. टेबलापलीकडे त्या. अलीकडे सर, पेपर उघडून बसलेले. मी. आणि दाराशी पुटपुटी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. सर म्हणाले, "पायऱ्या नाहीत, कच्चं काम नाही. उत्तर आकाशातून पडलं का?"

मी म्हटलं, "सर, तिलाच विचारूया ना."

"काय विचारायचं?"

"कसं काढलंस, ते."

एवढा साधा प्रश्न, पण कुणाच्या डोक्यात आला नव्हता. पुटपुटी खाली बघून म्हणाली, "मला त्या दिसतात, सर. मोठी भराभर उतरते, छोटी सावकाश. मग एका जागी भेटतात."

"दिसतात!" सरांनी हात उडवला. "बरं. आत्ता माझ्यासमोर दाखव. एक मेणबत्ती वीसची, तासाला तीन जळते. दुसरी सव्वीसची, तासाला एक. बोल. कधी सारख्या होतील?"

मी मनात मांडायला लागले आणि दचकले. लहान मेणबत्तीच भराभर जळतेय. ती मोठीला गाठणार कशी? सरांनी घाईत आकडे उलटे घेतले होते. मी बोलणार तेवढ्यात पुटपुटीनं डोळे मिटले. ओठ हलले. उजव्या हातानं तिनं हवेत दोन तिरप्या रेघा ओढल्या, मग हात डावीकडे नेला, मागे मागे. डोळे उघडून म्हणाली, "सर, त्या भेटून गेल्या."

"म्हणजे?"

"तीन तासांपूर्वी. तेव्हा दोघी एकोणतीसच्या होत्या. आता नाही भेटणार."

सरांनी खिशातून पेन काढलं. मेजावरच्या पाकिटाच्या पाठीवर मांडलं. t बरोबर उणे तीन. पुन्हा मांडलं. पुन्हा उणे तीन. एकोणतीस, एकोणतीस. आणि मग, मी वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, ते खो खो हसले. "मी उदाहरण चुकीचं घातलं," म्हणाले, "आणि या पोरीनं चुकीच्या उदाहरणाचं बरोबर उत्तर दिलं! उणे तीन म्हणजे भेटून गेल्या! हे मी आजवर असं कुणाला सांगितलं नाही. नुसतं म्हणायचो, ऋण किंमत बाद करा."

पेपरावरचा 'नक्कल' त्यांनी स्वतः खोडला. पूर्ण गुण देईनात मात्र. म्हणाले, "तुला दिसतं हे कबूल. पण मला दिसत नाही ना! माझ्यासाठी दोन ओळी लिहायच्या." पुटपुटीनं मान हलवली आणि धूम पळाली. आलेखाचे तास चालू राहणार. एवढंच नव्हे, गुरुवारच्या तासाला सर स्वतः येऊन बसणार!

सगळे उठले तरी मी उठले नाही. मी म्हटलं, "अजून एक पेपर आहे. एकोणीस वर्षांपूर्वीचा." आणि काल तुला लिहिलं ते सगळं त्या दोघांना सांगितलं. सर खाली बसले. त्यांना ते वाक्य आठवतही नव्हतं. म्हणाले, "मी गंमत केली होती हो." मी म्हटलं, "माहीत आहे. गमतीला घाबरले ती मी."

मोठ्या बाईंनी जुनं रजिस्टर काढायला लावलं. पुसट झालीय नोंद, पण माझं अक्षर ओळखू येतं. खोडता येत नाही म्हणे, नियम आहे. पण खाली दुरुस्ती लिहिता येते. मी लिहिली. 'सदर विद्यार्थ्यानं कोणताही गैरप्रकार केला नव्हता. उत्तर बरोबर होतं. त्याला रीत विचारण्यात आली नाही. चूक परीक्षकाची.' खाली सही, तारीख. सरांनी साक्षीदार म्हणून सही केली, मोठ्या बाईंनी शिक्का मारला. छायाप्रत सोबत आहे.

यानं तुझी शाळा परत येत नाही, एवढं मला कळतं. आईलाही आज सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे बाबा असताना सांगायला हवं होतंस."

ताई


९ नोव्हेंबर

छोट्या,

तुझं पाकीट आलं! वर तुझं अक्षर! मी जिन्यातच फोडलं. पिशवीतले बटाटे गडगडत खालच्या मजल्यापर्यंत गेले, शेजारणीनं आणून दिले.

तू लिहिलंयस, "नोंद मिळाली. दोनदा वाचली. राग गेला असं लिहिणार नाही, ते खोटं होईल." बरोबर आहे. खोटं लिहायचं काम आपल्या घरात एकीनं पुरेसं केलंय.

पण त्यापुढचं वाचलं आणि मी जिन्यात बसलेच. "ताई, तुला वाटतंय मी डोक्यात रेषा काढल्या. कुठल्या रेषा? एकीत १२०, दुसरीत २४. फरक ९६. पाच जातात, तीन येतात, म्हणजे फरक मिनिटाला ८ नं कमी होतो. ९६ भागिले ८, बारा. विचारलं असतंस तर अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं."

अर्ध्या मिनिटात.

एकोणीस वर्षं मी तुझ्याविषयी काहीबाही समजत आले, आणि गेले दोन महिने तू आलेख पाहणारा मुलगा होतास असं समजून हुरळले. दोन्ही वेळा न विचारता! यापुढे तुझ्याविषयी काही ठरवायचं तर आधी तुला विचारीन.

दुसऱ्या दिवशी वर्गात टाक्यांच्या दोन रेषा पुन्हा काढल्या आणि तुझी तिसरी टाकली, y = ९६ - ८x. छोट्या, ती आडव्या अक्षाला कुठं टेकली माहीत आहे? बारावर! बरोबर त्या दोघींच्या भेटीच्या खाली, ओळंबा सोडावा तशी. मुलं उभी राहिली. दोन सारखे होतात म्हणजे फरक शून्य होतो, इतकं सरळ. पुटपुटी चक्क रागावली, "हे माझ्यापेक्षा सोपं आहे!" मुलांनी विचारलं, ही रीत कुणाची? मी म्हटलं, "माझ्या भावाची. तो बंदरावर क्रेन चालवतो." मागे बसलेल्या सरांनी वहीत उतरवून घेतलं.

आणि तुझं दुसरं पान! तुमच्या जुन्या क्रेनचा तक्ता. भार क्रेनपासून दहा मीटरवर असेल तर चाळीस टन उचलायचा, सोळावर पंचवीस, वीसवर वीस, पंचवीसवर सोळा, चाळीसवर फक्त दहा. खाली तू विचारलंयस, "अंतर वाढलं की वजन कमी, हे पाठ आहे. पण तुझ्या यंत्राला विचार, याची रेषा सरळ का येत नाही?"

काहीही न सांगता मुलांपुढे टाकला. बिंदू मांडले. जोडायला गेले तर वाक! आधी धाडकन उतरतो, मग लोळत जातो. अर्धा तास भांडणं. कुणी म्हणालं तक्ता चुकीचा आहे. शेवटी हसरी-रुसलेली नाचवणारा तो मुलगा ओरडला, "बाई, गुणाकार करा! प्रत्येक वेळी चारशे!" दहा चाळिसे चारशे, सोळा पंचविसे चारशे. मी स्वतः तोवर तो गुणाकार केला नव्हता. खरंच नव्हता.

पण चारशेच का, आणि ते क्रेनला कसं कळतं, हे यांना कोण सांगणार? मी कधी क्रेनच्या खालीही उभी राहिलेली नाही. तेवीस तारखेला, गुरुवारी अकराला पडद्यावर येशील का? अर्धा तास. येणार नसशील तर तसं कळव, मी मुलांना काही बोललेली नाही.

(बोललेय. पण ते माझं मी बघेन.)

ताई


२४ नोव्हेंबर

छोट्या,

काल तुझ्यासमोर कॅमेरा होता, तरी हे पत्र लिहितेय. कारण तुला त्यातून पुढचे तीनच बाक दिसत होते.

तू डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून बसलास, ते मुलांना भारी आवडलं. "नमस्कार, मला शिकवता येत नाही," म्हणून सुरुवात केलीस आणि झाडूचा दांडा घेऊन उभाच राहिलास! दांड्याच्या टोकाला पाण्याची बादली. हात जवळ असताना सहज पेलली, हात लांब केल्यावर मनगट खाली गेलं. "वजन तेवढंच आहे. पण लांब गेलं की ते मला जास्त ओढतं. क्रेनलाही तसंच. तिला पालथं घालायला जे लागतं, ते म्हणजे वजन गुणिले अंतर. चारशेच्या वर गेलं की गेली." इकडे सगळ्या वर्गात बाक रिकामे झाले होते. मुलं दप्तरं हाताच्या टोकावर धरून उभी होती, ते तुला दिसलं नाही.

एकानं विचारलं, "काका, चुकलं तर?" तेव्हा तू म्हणालास, "चार गुण जात नाहीत रे बाबांनो. खाली माणसं उभी असतात. म्हणून मी प्रत्येक उचलीला आकडे मोठ्यानं बोलतो. उत्तर मला आधीच माहीत असतं, तरी बोलतो. खालच्या माणसाला कळलं पाहिजे मी काय करतोय." त्या वेळी शेवटच्या बाकावर कंपासपेटी सर इतक्या जोरात मान डोलवत होते की त्यांचा चष्मा घसरला. आणि पुटपुटीनं, विश्वास ठेव, वहीत दोन ओळी लिहिल्या. मी जाऊन पाहिल्या. 'अंतर गुणिले वजन = ४००. म्हणून वाकतो.'

मग तू तुझ्याच मनानं एक उदाहरण घातलंस. बत्तीस मीटरवर किती उचलायचं? साडेबारा आलं. मला वाटलं, झालं, आता निरोप घेशील. तर तू म्हणालास, "मी भागाकार केला. कुणी दुसऱ्या रीतीनं काढलंय का?"

वीस वर्षांत मी वर्गाला हा प्रश्न विचारलेला नाही. बरोबर उत्तर आलं की मी फळा पुसते.

तुझ्या पडद्यावर तीन हात वर आलेले दिसले असतील. अकरा होते. एकानं आलेखावर बोट फिरवून काढलं होतं. एकीनं सोळाचे पंचवीस धरले, अंतर दुप्पट म्हणून वजन निम्मं. अकरावा हात सरांचा होता! ते बिचारे वर धरून बसले होते, तुला दिसतच नव्हते, आणि मला हसू आवरत नव्हतं. घंटा झाली तेव्हा एकही मूल उठलं नाही.

तू जाताना म्हणालास, "बरंय, ताई." एवढंच. वर्गातली पोरं 'ताई, ताई' करत हसली. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. फळा कोराच होता.

आता कामाचं. पुढच्या शनिवारी, दोन डिसेंबरला, मी आणि आई तिकडे येतोय. तुला चालेल का, हे विचारतेय, ठरवून सांगत नाहीये. नको असेल तर आईला फोनवर सांग, ती एकटी येईल, मला वाईट वाटलं तरी मी समजून घेईन. चालत असेल तर गाडी सकाळी साडेनऊला पोचते. तेव्हा तू वर केबिनमध्ये असशील, म्हणून आम्ही बंदराच्या फाटकाशीच थांबू. आई स्टूल घेऊन येणार म्हणतेय, तिला उभं राहवत नाही. मला तुला काम करताना खालून बघायचंय.

आम्ही दिसलो म्हणून घाई करू नकोस. जे उचललेलं असेल ते नीट खाली टेकव, आणि मग उतर.

तुझी,
ताई